वगळलेले दोन पिंजरे

१५ सप्टेंबर १९८६, चंडीगड

आज युनिव्हर्सिटीच्या बायोकेमिस्ट्री विभागात माझा पहिला दिवस. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न झालं आणि तेव्हापासून विश्वासच्या पोस्टिंगांमागे फिरते आहे. आग्रा, तांबरम, बरेली, पुणे, आता इथे. प्रत्येक गावी एअर फोर्सच्या शाळेत थोडं शिकवलं, बायकांच्या क्लबात लोणच्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसले. आता चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं आहे. लीना आठवीत. ती म्हणाली, "आई, आप स्टूडेंट बनोगी? होमवर्क भी मिलेगा?" मी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं ठरूनच गेलं आहे.

माझ्या गाइड डॉ. मोहिंदर कौर ग्रेवाल. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं मोजकं. लग्न केलेलं नाही. कॅम्पसवरच सेक्टर चौदामध्ये राहतात. बरोबर पुतण्या जसजीत असतो, इंजिनिअरिंगला आहे. त्याचे आईवडील तरनतारनकडच्या गावी शेती करतात.

मॅडमनी मला थेट प्राण्यांच्या खोलीत नेलं आणि एक पांढरा उंदीर माझ्या हातात दिला. "डर लगता है?" मी नाही म्हणाले. उंदराने माझ्या ओंजळीत शू केली. मॅडम म्हणाल्या, "लो जी, आपकी जॉइनिंग हो गई."

हसल्या नाहीत. पण मला बरं वाटलं.

३ डिसेंबर

विषय पक्का झाला. उंदरांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होईल असं एक रसायन टोचायचं, सगळ्यांना सारखंच. खाणं मात्र वेगवेगळं द्यायचं. काहींना भरपूर चरबी, काहींना गव्हाचा कोंडा, काहींना दोन्ही, काहींना साधं; तो कंट्रोल गट. मग बघायचं, कोणाला गाठी जास्त होतात आणि का.

"का" हा माझा भाग. रात्री जेवताना विश्वासना समजावून सांगितलं. विष शरीरात गेलं की यकृत त्याची पुरचुंडी बांधतं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडून देतं, बाहेर टाकण्यासाठी. पण आतड्यात जिवाणू असतात. त्यांच्यातले काही ती पुरचुंडी सोडतात, आणि विष पुन्हा मोकळं होतं. आता चरबी खाल्ली तर पुरचुंडी सोडणारे हात वाढतात का, आणि कोंडा खाल्ला तर कमी होतात का?

विश्वास म्हणाले, "म्हणजे आम्ही सामान नीट पॅक करून पाठवायचं आणि वाटेत कस्टमवाल्यांनी उघडायचं."

दिवसभर विभागात मी फळ्यावर जे काढत बसले होते ते एवढंच होतं.

१९ जानेवारी १९८७

थंडी मी म्हणते आहे. सकाळी धुक्यात समोरचं क्वार्टरही दिसत नाही. उंदरांचे गट पाडले. प्रत्येक पिंजऱ्यावर तारेने एक कार्ड अडकवलं आहे: गट कुठला, खाणं कुठलं. खाणं मी स्वतः कालवते. चरबीचं खाणं हाताला लोण्यासारखं लागतं, कोंड्याचं भुरभुरीत.

जे उंदरांना चांगलं ते माणसांना वाईट कसं असेल? मी घरच्या कणकेत निम्मा कोंडा घालायला सुरुवात केली आहे. तूप बंद. लीनाने पहिली पोळी हातात धरून उजेडात पाहिली. "आई, इसमें से लाइट नहीं जा रही." विश्वासनी मात्र एक शब्द न बोलता खाल्ली. बायकोच्या कामाची कदर असणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

८ मार्च

टोचणं सुरू होऊन महिना होत आला. दर सोमवारी. पहिल्या दिवशी मी सुई दोनदा भरली आणि दोनदा खाली ठेवली. तो एवढासा जीव आपल्यावर भरवसा टाकून तळहातावर बसतो आणि आपण त्याला हे देतो. मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बुरा लगना चाहिए. जिस दिन न लगे, मुझे बता देना." पुढे म्हणाल्या, एकही उंदीर वाया जाता कामा नये, आपण त्यांना एवढंच देऊ शकतो.

घरी एक कोडं पडलं आहे. कोंडा खाऊनही विश्वासचं वजन वाढतं आहे. गणवेशाची पँट कमरेत सैल करून घ्यावी लागली. आणि जेवतात तर इतकं कमी. संध्याकाळी रोज लीनाला घेऊन फिरायला जातात, शेजारच्या सिद्धूंकडे जरा टेकतात, परत येतात ते "भूक नाही फारशी" म्हणत. काही माणसांची चयापचयाची घडणच वेगळी असते. मॅडमना विचारायला हवं.

सिद्धूभाभी आज गंमतीत म्हणाल्या, "भाभीजी, आप रिसर्च जारी रखो, हमारा भी भला हो रहा है." त्यांनाही कोंड्याचं महत्त्व पटलेलं दिसतं.

२० मे

अमलताश, म्हणजे आपला बहावा, फुलला आहे. सगळा रस्ता पिवळा. प्राण्यांच्या खोलीतला कूलर दिवसातून दोनदा बंद पडतो, म्हणून मी आणि नरेश पोती भिजवून खिडक्यांना लावतो. नरेश सूद म्हणजे प्रयोगशाळेतला दुसरा विद्यार्थी, पंचविशीचा, हुशार आणि उतावळा. आतड्याचे काप करून मायक्रोस्कोपखाली बघण्याचं काम त्याचं.

चौकाचौकांत वाळूची पोती आणि बंदूकधारी शिपाई. बस थांबवतात, डबे उघडायला लावतात. आज माझ्या डब्यात कोंड्याचा नमुना होता. शिपायाने वास घेतला आणि विचारलं, "भैंस रखी है जी?"

क्लबात एकीने विचारलं, "तुम्ही सरदारणीच्या हाताखाली काम करता? भीती नाही वाटत?" मी म्हणाले, "वाटते. परवा आलेख चुकला होता तेव्हा वाटली."

७ जुलै

अतिरेक्यांनी महामार्गावर बस अडवून माणसं मारली. रेडिओवर बातमी ऐकून लीना माझ्याजवळ येऊन बसली. शहरात संचारबंदी. विश्वास सकाळीच एअर फोर्स स्टेशनवर गेले आहेत. निरोप आला, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मला उंदीर दिसत राहिले. प्राण्यांच्या खोलीचा माणूस मनीमाजऱ्याहून येतो, तो येणार नाही. नरेश पंचकुल्यात अडकला. खोलीत पाणी कोण घालेल, खाणं कोण कालवेल?

दुपारी मॅडमचा फोन. "मैं जा रही हूँ. कैंपस के अंदर अंदर से निकल जाऊँगी. आप मुझे बताइए, क्या कितना मिलाना है."

मी सगळं सांगितलं. मॅडमनी गेल्या कित्येक वर्षांत स्वतः पिंजरा धुतला नसेल. आज धुणार.

८ जुलै

आज मॅडमचा फोन चारदा आला. चरबीच्या खाण्यात तेल किती, हे त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं. मग विचारलं, लीना काय करते आहे, मी स्वयंपाक काय केला आहे, फोडणीत कढीपत्ता इथे कुठून आणता. एवढं बोलणं त्यांनी वर्षभरात माझ्याशी केलं नव्हतं. मध्येच गप्प होत. मी "हॅलो, हॅलो" करी, तर "हाँ, मैं यहीं हूँ, आप बोलिए." मी विचारलं, जसजीतला बरोबर घेऊन का जात नाही, पिंजरे जड असतात. त्या म्हणाल्या, "वो घर पर नहीं है."

संचारबंदीत हा मुलगा मित्रांकडे जाऊन राहतो म्हणजे कमाल आहे. आत्या एकटी.

गॅसवर आमटी उतू गेली म्हणून मला फोन ठेवावा लागला. मॅडमचं वय झालं असावं. इतकी तल्लख बाई, पण साधं प्रमाण लक्षात राहात नाही.

१२ जुलै

संचारबंदी उठली. पहिल्या बसने गेले. सगळे उंदीर जिवंत. पिंजरे लख्ख धुतलेले, कार्डं जागच्या जागी, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. मॅडम खुर्चीवर बसून होत्या, डोळे सुजलेले. मी आभार मानले तर उठून निघून गेल्या. उकाड्याचा सगळ्यांनाच त्रास होतो आहे.

३ ऑगस्ट

सगळं पुन्हा रुळावर. फक्त चरबीच्या गटातला एक पिंजरा मला बरा वाटत नाही. ह्या गटाच्या उंदरांची फर तेलकट असते, हात धुतले तरी चिकटपणा राहतो. त्या पिंजऱ्यातले हल्ली कोरडे लागतात, मऊ, पावडर लावल्यासारखे. हवेतला फरक असेल.

जसजीत लंगडतो आहे. स्कूटरवरून पडला म्हणे. आता तो कॅनडाला मॅडमच्या थोरल्या बहिणीकडे जाणार आहे. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून. आजकालच्या मुलांना परदेशाचं इतकं वेड. मी मॅडमना म्हणाले, "एक साल रुक जाता तो डिग्री मिल जाती." मॅडम म्हणाल्या, "हाँ जी. मिल जाती."

१४ ऑक्टोबर

उंदरांचं काम संपलं. शेवटच्या दिवशी नरेशने आणि मी एकेक उंदीर बेशुद्ध करून मारला, आतडी बाटल्यांत भरली. संध्याकाळी मी घरी येऊन अंघोळ केली आणि देवासमोर नुसतीच बसले. काय मागायचं ते सुचेना.

२ नोव्हेंबर

मायक्रोस्कोपखालचं काम पुरं झालं. चरबीच्या गटात गाठी सर्वांत जास्त, कोंड्याच्या गटात सर्वांत कमी. पुरचुंडी सोडणाऱ्या जिवाणूंचा हिशोबही तसाच. फक्त दोन पिंजरे उलटे. चरबीच्या गटातला तो एक पिंजरा, जवळजवळ स्वच्छ. आणि कोंड्याच्या गटातल्या एकात गाठीच गाठी.

आज दिवसभर त्याच विचारात होते. बसमध्ये एका बाईच्या हातातली भज्यांची पिशवी माझ्या बाहीला लागली. तेल बोटांवर चोळताना एकदम त्या कोरड्या फरीची आठवण आली. कधीपासून कोरडी? संचारबंदीनंतर. म्हणजे पिंजरे धुताना कार्डं काढली गेली, आणि परत लावताना दोन पिंजऱ्यांची एकमेकांना लागली. तेव्हापासून मीच चरबीवाल्यांना कोंडा घालत आले आणि कोंडावाल्यांना चरबी.

नरेशला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "तो प्रॉब्लम क्या है मैडम? कार्ड की अदला-बदली कर दो. सब फिट हो जाएगा. रिझल्ट देखो, कितना सुंदर बनता है."

खरंच सुंदर बनतो. मी करूनही पाहिला, पेन्सिलीने. आलेख असा सरळ येतो की डोळे निवावेत.

उद्या मॅडमना विचारायचं. कसं विचारू? "तुमच्या हातून चूक झाली का?" असं मी माझ्या सासूबाईंनाही कधी विचारलं नाही.

३ नोव्हेंबर

विचारलं. मॅडमनी दार लावून घेतलं.

त्या म्हणाल्या, हो, कार्डं मी काढली होती. ओली होऊ नयेत म्हणून खिडकीत वाळत ठेवली. परत लावताना कुठलं कुठे लावलं, मला सांगता येणार नाही. "उस दिन जसजीत को उठा के ले गए थे. चौकी में था. कौन सी चौकी में, कोई नहीं बताता था. मैं हर घंटे फोन लगाती थी. जब कोई नहीं उठाता था, तब आपको लगाती थी."

स्कूटरवरून तो कधी पडलाच नव्हता.

मला आमटी आठवली.

मॅडमनीच मग कामाचं काढलं. "आपने क्या सोचा है?" मी पेन्सिलीचा आलेख दाखवला. त्यांनी नीट पाहिला, चष्मा काढला. "बहुत अच्छा है. लेकिन हमें पता नहीं कि कार्ड बदले थे. हमें सिर्फ लगता है. और इसलिए लगता है कि हम चाहते हैं." मग मराठी माणसालाही कळेल इतक्या सावकाश म्हणाल्या, "जो पता नहीं, वो पता नहीं, रागिणी."

त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

दोन्ही पिंजरे वगळायचे. वगळले की उरलेल्या आकड्यांत दम राहात नाही. म्हणजे सगळा प्रयोग पुन्हा, नव्या उंदरांवर. अजून एक वर्ष.

२८ नोव्हेंबर

ह्यालाच म्हणतात दुष्काळात तेरावा महिना. विश्वासची पोस्टिंग आली, जोरहाट. जानेवारीत हजर व्हायचं. क्वार्टर सोडायचं.

मी म्हणाले, "जाऊ या. पीएच.डी. काय, नशिबात असेल तर आसामातही होईल."

विश्वास बुटांना पॉलिश करत होते. म्हणाले, "आसामात तुझे उंदीर आहेत का?"

"नाहीत."

"मग तू तिथे काय करणार? लोणच्याची स्पर्धा?"

मला हसू आलं, आणि मग रडूही. मी म्हणाले, इतकी वर्षं आपण कधी वेगळे राहिलो नाही. ते म्हणाले, "इतकी वर्षं तू माझ्यामागे आलीस. मी काही तुझ्यामागे येत नाही. नुसता पुढे जातो आहे. एवढं तरी मला करू दे."

लीना दारात उभी होती. म्हणाली, "मैं आई के साथ रहूँगी. स्कूल नहीं बदलना मुझे." आणि मग, बऱ्याच दिवसांनी मराठीत, "बाबा, तुम्ही पत्र लिहा."

६ डिसेंबर

आता राहायचं कुठे, हा प्रश्न. मॅडमनी आज काचेच्या नळ्या धुता धुता सांगितलं, माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. आग्रह नाही, वळून बघणंही नाही. जणू मला टेस्टट्यूब हवी का विचारत होत्या.

घरी सांगितल्यावर सगळ्यांच्या फोनवरच्या काळज्या सुरू झाल्या. पुण्याहून जाऊबाई म्हणाल्या, ह्या दिवसांत सरदारांच्या घरी? ज्या घरातून पोरगा उचलून नेला त्या घरी? पोलीस परत आले तर? हा शेवटचा प्रश्न मात्र खरा होता. मी विश्वासना विचारला.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "सिद्धू माझ्या शेजारच्या सीटवर बसून लेहला उडतो. खाली डोंगर असतात. त्याच्या हातात विमान देऊन मी डोळे मिटतो. मी आता तुला कुठल्या तोंडाने सांगू, की सरदारांच्या घरी राहू नकोस?" आणि थोड्या वेळाने, "भीती मलाही वाटते. पण ती त्यांना एकटीला वाटण्यापेक्षा तुम्हा तिघींना वाटलेली बरी."

ठरलं.

१७ जानेवारी १९८८

मॅडमच्या घरी पहिला आठवडा. घर स्वच्छ, पुस्तकांचं, थंडगार. स्वयंपाकघरात दोघींची गाडी अजून रुळायची आहे. मी कोंड्याची पोळी केली. मॅडमनी एक घास खाल्ला, ताट हलकेच बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "रागिणी, प्रयोग में एक ग्रुप कंट्रोल का भी होता है ना? वो मैं हूँ." लीना इतकी हसली की तिला ठसका लागला.

तेव्हापासून घरात दोन प्रकारच्या पोळ्या होतात. लीना म्हणते तीही कंट्रोलमध्ये.

नवे उंदीर आले. कार्डं ह्या वेळी पत्र्याची करून घेतली, पिंजऱ्याला रिव्हेट मारलेली. नरेश म्हणाला, आता बाँब पडला तरी हलणार नाहीत. मग जीभ चावली.

२२ मे

अमृतसरच्या सुवर्णमंदिराला पडलेल्या वेढ्याची बातमी सतत चालू होती ह्या दिवसांत. मॅडम रेडिओ लावत, ऐकत, बंद करत, पुन्हा लावत. लीनाने अभ्यासाची वह्या-पुस्तकं आणून त्यांच्याजवळ बसकण मारली. मी चहा केला, आलं घालून. एकदा फाटकाशी जीप थांबली. मॅडमनी कप खाली ठेवून रेडिओ बंद केला. मी बाहेर गेले. कोणाचा तरी पत्ता विचारत होते. सांगितला. परत आल्यावर मॅडमनी मला विचारलं, "कौन थे?" मी म्हणाले, "रास्ता भूल गए थे." त्यांनी लीनाचं गणित तपासायला घेतलं. दोन चुका काढल्या. लीना वैतागली. घर पुन्हा घरासारखं झालं.

४ ऑगस्ट

विश्वास पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आले. चांगलेच बारीक झाले आहेत. जोरहाटला मेसचं जेवण, भात, कोंड्याचं नावही नाही, आणि तरी वजन उतरलं. मी मॅडमपुढे हे सगळं मांडलं: कोंडा होता तेव्हा वाढलं, कोंडा गेला तर कमी झालं. मॅडमनी लीनाकडे पाहिलं. लीना खिडकीबाहेर बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "इंटरेस्टिंग केस है. इस पर पेपर मत लिखना."

संध्याकाळी विश्वास म्हणाले, सिद्धूंना भेटून येतो. उशिरा आले, तृप्त दिसत होते. जुन्या मित्रांची भेट झाली की माणूस असा खुलतो.

सुखना तलावावर चौघं फिरायला गेलो. पाण्यावर वारा होता. मॅडम आणि विश्वास पुढे, काहीतरी बोलत. मी मागे लीनाबरोबर. मला वाटलं, आता ह्या क्षणी मला काहीच कमी नाही. असं कधी लिहून ठेवायची सवय नाही, म्हणून लिहिते.

१९ डिसेंबर

निकाल. ह्या वेळी कुठला काप कुठल्या गटाचा हे नरेशला माहीत नव्हतं, मॅडमनाही नाही. गटांची यादी माझ्याकडे बंद पाकिटात. आज उघडलं.

चरबीने गाठी वाढतात. ते खरं निघालं. कोंड्याने कमी होतात, तेही खरं, पण मला वाटलं होतं तेवढ्या नाही. त्या पेन्सिलीच्या आलेखात होत्या त्याच्या निम्म्यानेही नाही. चरबी आणि कोंडा एकत्र दिला तर कोंडा थोडंसं सावरून घेतो, बाकीचं नाही. पुरचुंडी सोडणारे हात कमी होतात, थांबत नाहीत.

थोडी खट्टू झाले. मॅडमना म्हणाले, पहिला आलेख किती देखणा होता.

"हाँ," त्या म्हणाल्या. "वो देखणा था. ये सच्चा है." 'देखणा' हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला आहे. बाकी मराठीत त्यांना फक्त 'आमटी' आणि 'चल' येतं.

आज कॅनडाहून फोन होता. जसजीतला कारखान्यात काम मिळालं आहे, संध्याकाळी कॉलेजला जातो. मॅडम त्याला ओरडून विचारत होत्या, थंडीत कान झाकतोस का. मी आणि लीना स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहिलो, त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

११ एप्रिल १९९०

आज तोंडी परीक्षा झाली. विभागाचा मोठा वर्ग, जॅकरांडाची फुलं खिडकीत, पुढे परीक्षक, दिल्लीहून आलेले, बारीक आवाजाचे आणि बारीक नजरेचे. मागच्या ओळीत विश्वास, जोरहाटहून मुद्दाम आलेले, गणवेशात. शेजारी लीना. कडेला नरेश. पहिल्या ओळीत मॅडम, पांढरी चुन्नी घेऊन.

सगळं नीट चाललं होतं. यकृत, पित्त, जिवाणू, मी बोलत होते. मग परीक्षकांनी प्रबंधाचं एक पान उघडलं आणि इंग्रजीत विचारलं. "पहिल्या प्रयोगात दोन पिंजरे वगळले आहेत. तुम्ही लिहिलं आहे, 'खाण्याची खात्री देता येत नाही म्हणून.' कारण?"

मी म्हणाले, शहरात संचारबंदी होती. मला पोचता आलं नाही.

"मग प्राण्यांची देखभाल कोणी केली?"

मी उत्तराची तयारी करून गेले होते. 'विभागातर्फे पर्यायी व्यवस्था करण्यात आली,' असं एक गुळगुळीत वाक्य रात्री दहादा म्हणून पाहिलं होतं. ते तोंडात आलंही. पण त्याआधी पहिल्या ओळीतली खुर्ची सरकली. मॅडम उभ्या राहिल्या.

"मैंने," त्या म्हणाल्या. "कार्ड मेरे हाथ से इधर-उधर हुए होंगे. उस दिन मेरे घर में तकलीफ थी. गलती मेरी है, स्टूडेंट की नहीं. इसने मुझसे पूछा था, और हमने पूरा प्रयोग दोबारा किया."

विभागप्रमुख टेबलाकडे बघायला लागले. मला वाटलं, ह्यांनी हे का केलं, गाइडने असं उभं राहून सांगायचं नसतं. परीक्षकांनी मॅडमकडे बराच वेळ पाहिलं. तेही सरदारच होते, हे मी इथे लिहायला विसरले. त्यांनी कुठली तकलीफ, हे विचारलं नाही. हळू आवाजात पंजाबीत फक्त आत्ताचं विचारलं, "हुण सब ठीक है?"

"हाँ जी," मॅडम म्हणाल्या. "हुण ठीक है."

त्यांनी पान उलटलं. मला म्हणाले, "पुढे चला, डॉक्टर."

मला वाटतं ते चुकून म्हणाले, अजून परीक्षा संपली नव्हती. पण मागच्या ओळीत विश्वासनी रुमाल काढलेला मी पाहिला. मी पाणी प्यायले आणि दुसऱ्या प्रयोगाचा तो साधा, फारसा देखणा नसलेला आलेख फळ्यावर काढायला सुरुवात केली.